सुई आधी स्वतःला!

बालमित्रांनो, बदलापूर-अंबरनाथहून लोकलने मुंबईला जाताना भायखळा स्टेशन लागतं ना? तिथलीच ही गोष्ट.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. घरंच्या घरं ओस पडली. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने लस तयार केली. पण पहिल्यांदा टोचायची कुणाला? १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली! ताप आला, पण उतरला. मगच भायखळ्याच्या तुरुंगातल्या, तयार झालेल्या कैद्यांना लस दिली.

पण थांबा हं! तुरुंगातला माणूस मोकळेपणी ‘नाही’ म्हणू शकतो का? विचार करा पाहू.

पुढे जर्मनीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर बळजबरीने भयंकर प्रयोग केले. त्यांच्या खटल्यात, १९४७ साली, न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने बजावलं : माणसाने समजून-उमजून, राजीखुशीने होकार दिल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करायचा नाही.

आज ऑपरेशनआधी कागदावर सही घेतात, तीही अशाच होकाराची, बरं का! म्हणून दवाखान्यात ‘हे कशासाठी?’ असं विचारायला लाजू नका. आणि आईबाबांनो, मुलांनी विचारलं तर त्यांना दटावू नका.