नळदुर्गचा हवालदार

इंग्रजीच्या तासाला सरांनी विल्फ्रेड ओवेनची हकीकत सांगितली, तेव्हा सारा वर्ग गप्प झाला होता. पहिल्या महायुद्धात खंदकातले जीवन कवितेत आणणारा हा तरुण लेफ्टनंट ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये मारला गेला. वय अवघे २५. सातव्या दिवशी युद्ध थांबले आणि गावात घंटा वाजत असतानाच घरी तार आली. त्याने आईला लिहिलेली शेकडो पत्रे जपली गेली, म्हणून त्याचे मन आज आपल्याला वाचता येते.

परंतु आपल्याच जिल्ह्यात पडलेल्या सैनिकाचे काय?

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली, ती नळदुर्गच्या वाटेने. दुसऱ्या शीख पलटणीचा हवालदार बचित्तरसिंग तीत होता. समोरून शत्रूच्या दोन गाड्या आल्या. त्याने त्या माणसा-हत्यारांसह पकडल्या. पुढे एका मोर्चातून मशीनगनचा मारा सुरू झाला. तीस यार्डांचे अंतर उरले असता त्याच्या मांडीत गोळ्या घुसल्या. तो सरपटत पुढे गेला, दोन हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, मागे नेण्यास नकार दिला आणि प्राण सोडला. वय ३१. पुढे १९५२ साली अशोकचक्र सुरू झाले. ते मिळालेल्या अगदी पहिल्या वीरांत त्याचे नाव आहे.

पाच दिवसांत आटोपलेल्या 'पोलीस ॲक्शन'ला युद्ध काय म्हणायचे, असे काहीजण विचारतील. ज्याच्या मांडीत गोळी शिरली त्याला हा फरक कसा समजावणार?

दर १७ सप्टेंबरला मी शाळेत झेंडावंदनाला उभा राहिलो. भाषणांत हे नाव एकदाही माझ्या कानावर पडले नाही. नळदुर्गला आपली सहल जाते ती पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे पाहायला. ओवेनच्या हाती लेखणी होती. हवालदाराच्या वाट्याला सरकारी कागदावरचा एक परिच्छेद आला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्यामुळे हा फरक मला जास्त बोचतो. लिहिणारे कोणी नसले की माणूस दोनदा मरतो. पलीकडच्या मोर्चातल्या निजामाच्या शिपायांची आणि त्यानंतर याच जिल्ह्यात मारल्या गेलेल्या निरपराध मुसलमानांची नावे तर कोण विचारतो!

त्या वेळी दहा वर्षांची असलेली पोरे आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत. इतिहास मंडळाने या उन्हाळ्यातच वह्या घेऊन नळदुर्ग आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जावे. पहाटे आवाज कुठून आला, कोण कुठे लपले, कोणाला पाणी पाजले, सारे उतरवून घ्यावे. संपादक सरांनी पुढील अंकात त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत, एवढीच विनंती.