दाराला डोळे फुटले

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत. त्यातल्या चौदा दारांना आता डोळे आहेत. परवा जिना चढता चढता मी सहज मोजले. (लिफ्ट बंद होती. ती बंद असतेच.) काही डोळे घंटीतच बसवलेले, काही छताच्या कोपऱ्यात चिकटवलेले. आपण समोरून गेलो की आत एक निळा दिवा लुकलुकतो. म्हणजे आपली नोंद झाली! तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरी पोचेपर्यंत माझी पाच-सहा घरांत नोंद होते. मी दम खायला कुठे थांबले, पिशवी कुठे खाली ठेवली, सगळं कुणाच्या तरी फोनमध्ये साठतं. चोरी होऊ नये म्हणून हे लावलंय, हे मला कळतं. पण या डोळ्यांबद्दल काही दिवस मनात घोळतंय, ते आज लिहून टाकते.

मी चाकणला आले ती लग्न होऊन, १९७४ साली. तेव्हा चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार आणि त्याभोवतीचं गाव. बाजारपेठेतल्या आमच्या वाड्याचं दार दिवसभर उघडं असायचं, आगळ सरकायची ती रात्री जेवणं झाल्यावर. सासूबाई स्वयंपाकघरात बसून नुसत्या चपलांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायच्या. भल्या पहाटे पिंगळा यायचा, कंदील घेऊन. आजच्या कॅमेऱ्यापुढे तो उभा राहिला तर काय होईल? पहाटे चार वाजता दारात अनोळखी इसम! सगळ्या इमारतीचे फोन किणकिणतील.

पण मंडळी, "गेले ते दिवस" म्हणून उसासे टाकायला मी बसलेली नाही. ते गाव आता नाही. एमआयडीसी आली, गाड्यांचे कारखाने आले, तीन पाळ्या आल्या. बीड, लातूर, हिंगोलीपासून बिहार, ओडिशापर्यंतची मुलं इथे पोटासाठी आली. शेजारी कोण राहतं हे कळेपर्यंत त्याचा अकरा महिन्यांचा करार संपतो आणि दुसरं बिऱ्हाड येतं. नवरा रात्रपाळीला, बायको लहान मुलाला घेऊन एकटी, भाषा वेगळी, माहेर हजार मैलांवर. तिने दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते पाहिलं तर त्यात काय चुकलं? खालून मोटारसायकली जातात, गावी गेलेल्यांची कुलपं तुटतात. चित्रण मिळालं तर पोलिसांचं काम सोपं होतं.

मुळात हा शोधही एका एकट्या पडणाऱ्या बाईचाच आहे. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली परिचारिका. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा अवेळी, आणि बोलावल्यावर पोलीस यायला उशीर. म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आत टीव्हीवर चित्र अशी योजना केली. १९६६ साली अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. त्या बाईला मी मनापासून नमस्कार करते. तिला हवं होतं ते एवढंच, की माझ्या दारात कोण आहे ते मला दिसावं.

आता माझ्या दाराची गोष्ट. यजमान गेल्यावर मी एकटी राहते. मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टला. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने घंटी बसवून दिली. बटण दाबलं की माझ्या फोनवर वाजतं आणि त्याच्याही. तो तिकडून "आई, कुरिअरवाला आलाय, ओटीपी विचारतोय" असं सांगतो, तेव्हा मला गंमतही वाटते आणि बरंही वाटतं. पण त्या काचेत माणसं कशी दिसतात ते पाहिलंय का तुम्ही? भिंग रुंद, माणूस जवळ, त्यामुळे नाक बटाट्याएवढं आणि कान मागे पळालेले. पंचवीस वर्षं दूध घालणारा आमचा दूधवाला मला त्यात दरोडेखोर वाटला! शिवाय गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की वायफाय जातं, आणि वायफाय गेलं की दाराचा डोळा मिटतो. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तसं चोरांनाही असणार. असो.

खरा प्रश्न मला पडला तो गेल्या उन्हाळ्यात. दुपारी दीडच्या सुमारास इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चौदा सेकंदांचं चित्रण आलं. एक विशीतला मुलगा तिसऱ्या मजल्यावर या दारावरून त्या दारावर जातो, पाट्या वाचतो, वळून बघतो आणि परत येतो. खाली मजकूर : सावधान, संशयित इसम रेकी करत आहे. ('संशयित'मधला 'शयि' दीर्घ काढला होता. माझा लाल पेन्सिलीचा हात शिवशिवला.) पाच मिनिटांत पंधरा जणांनी हात जोडले, अंगठे दाखवले, "पकडा" म्हणाले. रखवालदाराने त्याला फाटकाजवळच्या खुर्चीत बसवून ठेवलं.

मी खाली गेले. मुलगा घामाघूम झाला होता. मी विचारलं, "कुठला रे तू?" तर हिंगोलीकडचा. आयटीआय झालेला, फिटर, एका कंपनीत कंत्राटावर. हातात एक चिठ्ठी, तिच्यावर बी-३०४. तिथे चार मुलं राहतात आणि एक कॉट रिकामी आहे, असं कुणीतरी सांगितलेलं. आमची इमारत डी. बी शेजारची. फाटकावर कुणी नीट सांगितलं नाही, पाटी झाडामागे गेलेली, म्हणून तो आमच्याकडे शिरला आणि ३०४ च्या दारात घुटमळला. एवढीच रेकी! बी मधल्या मुलांना बोलावून खात्री होईपर्यंत चार वाजले. त्याची दुसरी पाळी बुडाली, त्या दिवसाची हजेरी गेली. ती मी मनात धरली नसती, चाकणमध्ये एक दिवस बुडाला म्हणून कुणी मरत नाही. पण जाताना तो म्हणाला, "आजी, माझा तो व्हिडिओ काढायला सांगा ना. गावाकडं कुणी बघितला तर?"

मी सांगितलं. ज्यांनी टाकला होता त्यांनी सज्जनपणे काढलाही. पण तोवर तो तीन ग्रुपांवर जाऊन पोचला होता. दोन दिवसांनी माझ्या भाचीने राजगुरुनगरहून तोच व्हिडिओ मला पाठवला, "मावशी, तुमच्या भागात टोळी फिरतेय, दार उघडू नको." एका मुलाची टोळी झाली होती. त्याचा चेहरा आता किती फोनांत पडून आहे, देव जाणे. साप समजून भुई धोपटली, हे खरं. पण इथे भुईला आईबाप होते आणि नोकरी होती.

त्या मुलाने दाद मागायची कुठे? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. पण एखाद्या माणसाने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी गोळा केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. दाराची घंटी म्हणजे घरगुतीच की! कंपनीने चेहरा टिपला तर नियम, शेजाऱ्याने टिपला तर नुसता त्याचा चांगुलपणा. माझं म्हणणं असं, की घंटी घरगुती आहे ती उंबरठ्यापुरती. जिना सगळ्यांचा आहे. आणि चित्र ग्रुपवर टाकलं त्या क्षणी ते घरगुती राहतच नाही.

आमचे चिरंजीव राहतात त्या जर्मनीत काय आहे ते मी त्यालाच विचारलं. तिथे कॅमेऱ्यात आपलं स्वतःचं आवार तेवढं घ्यायचं. शेजाऱ्याचं दार, सामाईक जिना, समोरची पायवाट टिपत राहणं चालत नाही. शेजारी हरकत घेऊ शकतो. मी म्हटलं, "मग अरे, इथे माझ्या घंटीला समोरच्यांचं दार पार स्वयंपाकघराच्या पडद्यापर्यंत दिसतं, ते कसं चाललं?" तो हसला. पण त्याच रात्री फोनवरूनच त्याने चित्राचा तेवढा भाग काळा करून टाकला. अशी सोय त्या अ‍ॅपमध्ये आधीपासून असते! आमच्याकडे कॅमेरा बसवणारा इसम ती कुणाला सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. इंग्लंडमध्येही २०२१ साली ऑक्सफर्डच्या न्यायालयाने एका शेजारणीच्या तक्रारीवर असाच निकाल दिला. तिथे चित्रापेक्षा आवाजाचं गाऱ्हाणं मोठं होतं. घंटी पार लांबचं बोलणं टिपत होती. आमच्या जिन्यात बायका काय काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही, पण ते साठवण्यासारखं खचितच नसतं.

मुलाला दारावर थांबायचं नव्हतं. त्याला दिवाणखान्यातही एक कॅमेरा हवा होता. "आई, तू पडलीस-बिडलीस तर कळायला नको?" त्याची काळजी खोटी नाही. माझ्या वयाच्या दोन मैत्रिणी पडल्या त्या पडूनच आहेत. पण मी नाही म्हटलं. दुपारी ऊन तापलं की मी दिवाणखान्यातल्या गार फरशीवर पदराची उशी करून आडवी होते. यजमानांच्या फोटोशी दोन शब्द बोलते, कधी भांडतेही. "मी थोडाच सारखा बघणार आहे?" तो म्हणाला. मी म्हटलं, "तू नाही बघणार रे. पण तू बघतोयस असं मला वाटत राहील, त्याचं काय?" त्यावर तो बराच वेळ गप्प होता. आता आमचं ठरलंय ते असं : सकाळी आठपर्यंत माझ्या दारातली दुधाची पिशवी आत गेली नाही, तर समोरची ओडिशाची मुलगी दार वाजवते. तिच्याकडे माझी किल्ली आहे, माझ्याकडे तिची. तिला मराठी येत नव्हतं, आता "बाई, चहा झाला का" इथवर आलंय.

आणि घरातल्या कॅमेऱ्याचं चित्र फक्त घरच्यांनाच दिसतं, हाही एक समज आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रं बाजारात विकली जात असल्याचं उघड झालं. तपासणीसाठी आलेल्या बायकांची चित्रं! पकडलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडची मुलंही निघाली. पासवर्ड काय होता, तर कारखान्यातून आला तसलाच, 'अ‍ॅडमिन१२३'. अमेरिकेत तर रिंग या घंटीवाल्या कंपनीच्या माणसांनीच गिऱ्हाइकांच्या घरातली चित्रं पाहिल्याचं प्रकरण २०२३ साली ५८ लाख डॉलर भरून मिटलं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. चाकणच्या मुलांना मी किल्ल्याचा धडा शिकवायची. १६६० साली शायिस्तेखानाचा वेढा पडला, फिरंगोजी नरसाळ्याने संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला. तटावरून सगळीकडे नजर होती, आणि सुरुंग आला तो बुरुजाखालून. कॅमेरा घेताना पासवर्ड बदलायला सांगितलं की लोक "बघू नंतर" म्हणतात, तेव्हा मला तो बुरूज आठवतो.

पुण्यात २०१० साली जर्मन बेकरीत आणि २०१२ साली जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाल्यानंतर शहरभर पोलिसांचे कॅमेरे लागले, त्याला माझा विरोध नाही. तिथे चित्र कुणाच्या ताब्यात आहे ते ठाऊक असतं, निदान जाब विचारायला एक दार असतं. आमच्या चौदा डोळ्यांना चौदा मालक आहेत आणि जाब द्यायला एकही नाही.

म्हणून मी इमारतीच्या समितीला पत्र दिलंय. प्रत्येकाने कॅमेऱ्यात आपलं दार आणि आपली पायरी एवढंच घ्यावं, बाकीचा भाग काळा करावा, आवाज बंद ठेवावा. कुणाचा संशय आला तर चित्र रखवालदाराला आणि समितीला दाखवावं, गरज पडली तर ११२ ला फोन करावा, पण ग्रुपवर चेहरा टाकू नये. आणि फाटकाजवळ इमारतींची मोठी पाटी लावावी, झाडाच्या पुढे. त्या मुलाचा सगळा दिवस त्या पाटीपायी गेला, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चिटणीस पत्र वाचून म्हणाले, "बाई, म्हणजे कॅमेरे काढा म्हणताय का?" म्हटलं, "काढू नका हो. माना जरा खाली करायला सांगा." त्यांनी विषय येत्या सभेला घेतलाय. सातवा आहे, पार्किंगच्या नंतर. पार्किंगच्या पुढे आमची सभा आजवर कधी गेलेली नाही, म्हणून तो दुसऱ्या क्रमांकावर घ्या, असं मी काल त्यांना पुन्हा जाऊन सांगून आले आहे.