लहरींना शिस्त, लोखंडाला मोकळीक

2 एप्रिल 2022 च्या रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत आकाशातून धातूचे भलेमोठे कडे कोसळले. ते चिनी रॉकेटच्या निकामी टप्प्याचे असावे, असे अभ्यासकांचे अनुमान. अंतराळात नियमच नाहीत असे नाही. उपग्रहाने कोणत्या लहरींवर बोलावे, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बंधनकारक नियमांनी ठरते. संकटात सापडलेल्या विमान-जहाजांच्या हाकेसाठी 406 मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला आहे. रॉकेटचा सांगाडा कुठे पडावा, यावर मात्र तसे बंधन नाही. अंतराळातील वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीच्या दायित्वाचा 1972 चा करार भरपाईची सोय करतो, पूर्वसूचनेची नाही. धोका नगण्य आहे, असे सांगितले जाते. तो हिशेब जगाच्या सरासरीचा. लाडबोरीच्या घरांना तो ऐकवणे आम्हाला मान्य नाही. टप्पा कुठे पडावा, याचे बंधन घातले तर सार्वभौम देश ते पाळतील का? लहरींबाबत ते पाळतात, कारण गोंधळ माजला तर त्यांचेही संदेश बुडतात. पडत्या टप्प्याची झळ सोडणाऱ्याला सहसा बसत नाही. म्हणूनच नियंत्रित अवतरणाची अट प्रक्षेपणाच्या परवान्यातच हवी.