पट्टा हातात, पिशवी खिशात

फुले तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये, कुत्र्यांना प्रवेश नाही. आपल्याकडच्या अनेक सार्वजनिक बागांच्या फाटकावर या तीन सूचना रंगवलेल्या असतात. पहिल्या दोन कोणी फारशा मनावर घेत नाही. तिसरी मात्र पहारेकरी काठी आपटून पाळायला लावतो. मग कुत्रा घेऊन निघालेला माणूस बागेला वळसा घालून रस्त्यावर येतो आणि रिक्षा, स्कूटर, भटक्या कुत्र्यांची टोळी व शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या चुकवत कसाबसा फेरफटका उरकतो.

गेल्या काही वर्षांत ही मंडळी एकत्र येऊ लागली आहेत. महापालिकेच्या कार्यालयात अर्ज देतात, सोसायटीच्या सभेत भांडतात. बागेचा एक कोपरा आम्हालाही द्या, एवढीच त्यांची मागणी. तिच्यावर हसण्यासारखे काही नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर कोंडलेला लॅब्राडोर भुंकणार, चपला कुरतडणार आणि जिन्यात अनोळखी माणूस दिसला की बिथरणार. पिल्लू असल्यापासून जो कुत्रा माणसांत आणि इतर कुत्र्यांत वावरला, तो मोठेपणी सहसा असा बिथरत नाही. म्हणजे शेजाऱ्यांना ज्या उपद्रवाची भीती वाटते, तो कमी करायलाही ही मोकळी जागाच उपयोगी पडते.

कायद्याची बाजूही पाळणाऱ्यांना बरीच अनुकूल आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 साली गृहनिर्माण सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि तिच्या वापरासाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. बागेसाठी मात्र चर्चा करून वेळा ठरवता येतात. केरळ उच्च न्यायालयाने 2021 साली सोसायट्यांचे असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. तरीही सेक्रेटरीसाहेब सूचनाफलकावर फर्मान डकवतात आणि कुत्रा पाळणारा भाडेकरू निमूटपणे दुसरे घर शोधू लागतो.

पण खिशात परिपत्रकाची प्रत घालून फिरणाऱ्या श्वानप्रेमींना आमचा एक प्रश्न आहे. त्याच खिशात एखादी पिशवी असते का?

सकाळी सहाला कोणत्याही वसाहतीत फिरून पाहा. कुत्रा रस्त्याच्या कडेला बसतो, मालक आभाळाकडे पाहतो, दोघेही मोकळे होऊन पुढे जातात. मागे राहिलेले काढते ती झाडूवाली. तिच्या पगारात हे काम कधी धरले होते? अनेक घरांत तर कुत्रा फिरवणे नोकर मुलाकडे सोपवलेले असते. त्याच्या दुप्पट ताकदीचा कुत्रा त्याला ओढत नेतो आणि काही घडले तर शिव्या त्यालाच. नोकर नसेल तर, कुत्रा हवा म्हणून मुलांनी आठवडाभर धरलेला हट्ट शेवटी आईच्या गळ्यात पडतो. हौस साऱ्या घराची, पट्टा तिच्या हातात.

हा प्रश्न फक्त किळसेचा नाही. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातातून पोटात. मात्र बाहेर पडलेली ही अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे विष्ठा त्याच वेळी उचलली तर हा धोका बराचसा टळतो. पाच मिनिटांचेही काम नाही! जोडीला जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यायचे आणि रेबीजची लस दरवर्षी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा टोचून घ्यायची.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे नातवाचा हात धरून बागेत आलेले आजोबा सुटा कुत्रा पाहून घाबरले, तर त्यांना प्राणिद्वेष्टे म्हणणे अन्यायाचे आहे. ‘तो काही करत नाही हो’ हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी असते. समोरच्याला ते कसे कळावे? त्यातून 2025 साली भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजल्यापासून वातावरण आणखी तापले आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा राग घरातल्या कुत्र्यांवर निघतो.

मग जागा द्यायची कशी? हैदराबादने 2018 साली कोंडापूर भागात कचरा टाकण्याच्या जागेवर 1.3 एकरांचे खास श्वानउद्यान उभारले. सुमारे 1.1 कोटी रुपये खर्च आला. लहान आणि मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळी आवारे ठेवली. हे कौतुकास्पद आहे, पण दाटीवाटीच्या जुन्या वस्तीत सव्वा एकर कुठून आणणार? तिथे मुलांनाच खेळायला मैदान नाही.

जागा नसेल तर वेळ वाटून घेता येते. न्यूयॉर्कने हेच केले. तिथे 1978 साली कुत्र्याची घाण मालकानेच उचलण्याचा कायदा अमलात आला. सुरुवातीला त्याची थट्टा झाली, पण हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडला. पुढे ठरावीक बागांत रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊपर्यंत कुत्रे मोकळे सोडण्याकडे पालिका वीसेक वर्षे काणाडोळा करत राहिली. 2006 साली काही नागरिक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, न्यायालयाने पालिकेची बाजू मान्य केली आणि 2007 साली या सवलतीचा रीतसर नियम झाला. कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा पुरावा जवळ बाळगण्याची अट त्यात आहे. क्रम लक्षात घ्या: आधी घाण उचलण्याची सक्ती, मग मोकळे सोडण्याची मुभा.

आपल्या वसाहतीतल्या बागेसाठी अर्ज करणार असाल, तर संपूर्ण बाग मागू नका. पहाटेचा एखादा तास आणि रात्री मुले घरी गेल्यानंतरचा एखादा तास मागा. मुलांच्या घसरगुंडीपासून लांबचा, कुंपण घालता येईल असा तुकडा दाखवा. प्रत्येक कुत्र्याच्या महापालिका परवान्याची आणि लसीकरणाच्या दाखल्याची प्रत अर्जाला जोडा. झाकणाची कचरापेटी आणि पिशव्या यांचा खर्च वर्गणी काढून आम्ही करू, असे लिहून द्या. पट्टा न लावणाऱ्या किंवा न उचलणाऱ्या सभासदाला आपल्याच गटातून बाहेर काढण्याचा नियमही करा. आणि अर्ज देण्यापूर्वी महिनाभर स्वतःच्या गल्लीत हे सारे करून दाखवा. सोसायटीच्या सभेत त्या झाडूवालीलाही बोलवा. गल्ली खरोखर स्वच्छ झाली की नाही, ते तीच सर्वांत नेमके सांगेल.