आप्पांची भाजीची गाडी आणि वॉलमार्टचा ड्रायव्हर

परवा आमच्या गल्लीतल्या एका पोरानं मोबाईल पुढं धरला. "काका, अमेरिकेत वॉलमार्टचा ट्रक ड्रायव्हर वर्षाला १ लाख १० हजार डॉलर मिळवतोय बघा!"

आकडा खोटा नाही. २०२२ साली नव्या ड्रायव्हरला पहिल्या वर्षी तेवढ्यापर्यंत मिळतील असं त्या कंपनीनं जाहीर केलं होतं. ट्रक कंपनीचे, ड्रायव्हरही कंपनीच्याच पगारावर. शिवाय आपल्याच गोदामातल्या कामगारांना बारा आठवडे शिकवून ड्रायव्हर करायची सोयही केली.

माझ्या डोक्यात मात्र डॉलरपेक्षा तास राहिले. तिथं कायद्यानं अकरा तासांवर गाडी हाकता येत नाही, मग सलग दहा तास सुट्टी. गाडीतलं यंत्रच त्याची नोंद ठेवतंय.

आमचे आप्पा बेळगावहून वाशीला भाजीची गाडी मारायचे. दुपारी माल भरायचा, तवंदी घाट, कागल, कोल्हापूर, साताऱ्यापुढं खंबाटकी, आणि पहाटेच्या आत मार्केटात गाडी लागलीच पाहिजे. उशीर झाला की भाडं कापलं. गाडी रिकामी व्हायला कधीकधी अर्धा दिवस जायचा, तो कुणाच्याच हिशेबात नाही. परतीचा माल मिळेपर्यंत गाडीखाली चादर टाकून झोपायचे. १९६१ च्या मोटार कामगारांच्या कायद्यात दिवसाला आठच तास आहेत, असं मी कॉलेजात असताना सांगितलं तर हसले. "मग उरलेल्या वाटेवर भाजी काय चालत जाणार?"

वॉलमार्ट काही दानधर्म करत नाही. ड्रायव्हरांचा तुटवडा होता, म्हणून पगार वाढला. आपल्याकडंही ट्रकमालक ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून ओरडतात. ड्रायव्हरच्या पोराला ड्रायव्हर व्हायचं नाही. (मी तरी कुठं झालो?) मग आपल्या मोठ्या दुकानवाल्यांना विचारायला नको? कॅशियर तुमच्या पगारावर, मग माल आणणारा कंत्राटदाराचा का?

२०२५ साली नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण तास मोजणारं कोण आहे?

ते पोरगं सध्या एका मोठ्या दुकानाचा माल हुबळीला नेतंय. पगार कोण देतंय विचारलं, तर त्याला कंत्राटदाराचं पुरं नावही सांगता येईना.