मळ्यावरचं नाताळचं झाड
अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण उरकला की अनेक कुटुंबं नाताळचं झाड तोडायला मळ्यावर जातात. ओरेगॉनात डग्लस आणि नोबल फर जातीची झाडं, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत फ्रेझर फर. झाडाला पुरुषभर उंची गाठायला साधारण ७ ते १० वर्षं लागतात. त्याचा डौलदार शंकूसारखा आकार मात्र निसर्गाचा कमी, दरसालच्या छाटणीचा जास्त. मोकळ्या रानात बेताचं दिसणारं झाड दिवाणखान्यात छताला टेकतं, म्हणून उंची आधी मोजलेली बरी. फांदीवरून हात फिरवताना हिरव्या सुया गळल्या, तर ते सोडून पुढे जावं. एकजण जमिनीवर आडवा होऊन बुंध्याशी करवत चालवतो, दुसरा खोड धरतो. मग जाळीत आवळून झाड गाडीच्या टपावर. घरी बुंध्याची पातळ चकती पुन्हा कापून ते लगेच पाण्यात उभं करतात; वाळलेला काप पाणी नीट ओढत नाही.