गाडी नवी, फडकं जुनं

टेस्लाने भारतात ग्राहकाच्या हाती दिलेली पहिली गाडी ठाणे जिल्ह्यातच आली. 5 सप्टेंबर 2025 रोजी मुंबईत बीकेसीच्या शोरूममधून राज्याचे परिवहनमंत्री, ठाण्याचे प्रताप सरनाईक यांनी पांढऱ्या मॉडेल वायचा ताबा घेतला. नातवासाठी घेतली, असं त्यांनी सांगितलं. जिल्ह्याच्या आमच्या टोकाला, तानसा-अघई-खर्डीच्या पट्ट्यात, टेस्ला अजून फिरकलेली नाही. पण हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेल्या गाड्या आता अधूनमधून दिसतात. नेक्सॉन, टियागो, पंच. जीएसटी 5 टक्के आणि चार्जिंग घरच्या मीटरवर, हा हिशेब खेड्यातही चटकन पटतो. घेण्याआधी चर्चा बॅटरीची होते. गाडी दारात आली की बॅटरी बाजूला राहते आणि मालकाची झोप उडते ती ओरखड्यांनी.

आमच्या दाजींनी दसऱ्याला कल्याणमध्ये ताबा घेतला. लाल साटीनचं कापड ओढून झालं, केक कापला गेला, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरून फोटो निघाले. ताईने ओल्या कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, लिंबं चाकाखाली गेली. झेंडूचं तोरण ओवलं होतं बारीक तारेत, आणि तिचं एक टोक बंपरच्या वरच्या कडेवर टेकलं होतं. शोरूमच्या झगमगाटात ते कुणाच्याच नजरेस पडलं नाही. पडघ्याला चहाला थांबलो तेव्हा दुपारच्या उन्हात तिथे केसाएवढी रेघ चमकली आणि दाजींनी चहा तसाच ठेवला.

म्हणून ताबा घेणाऱ्यांना माझं सांगणं असं, की गाडी आधी बाहेर उन्हात आणायला लावा. तिरप्या उजेडात प्रत्येक दार, छप्पर, बंपरच्या कडा बघा आणि मगच सही करा. ‘गाडी धुऊन-पुसून देऊ नका, आहे तशी द्या’ हेही आधीच सांगून ठेवा, कारण घाईघाईत फिरवलेल्या मळक्या फडक्याचे गोल ओरखडे पहिल्याच दिवशी पदरात पडतात. तोरण दोऱ्यात ओवा. स्वस्तिक समोरच्या काचेवर काढा. काचेवर ना डाग राहतो, ना कुंकू पुसताना रंग घासला जातो.

ही काळजी फाजील नाही, हे रंगाची जाडी ऐकली की पटतं. कारखान्यात गाडीचा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने पहिला थर चढवतात, तो गंज रोखतो. त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास, आणि त्यात क्लिअरकोट जेमतेम 40 ते 50. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. चकाकी असते ती या वरच्या थराची, आणि पॉलिश करणं म्हणजे तोच थर थोडा घासून काढणं. दरवर्षी पॉलिश मारून गाडी नवी ठेवण्याचा उत्साह काही वर्षांतच अंगाशी येतो.

आमच्याकडे या थराच्या वाईटावर टपलेले बरेच आहेत. महामार्गावर खडीचे डंपर, वडपे ते ठाणे रुंदीकरणाची धूळ, पावसाळा सरला की वीटभट्ट्यांची राख. आसनगावला रुळांलगत गाडी लावून लोकल धरणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात. रूळ आणि ब्रेक घासून उडालेला तो लोखंडाचा कीस, दवाने गंजलेला. आंबा मोहरला की त्यावरचे तुडतुडे चिकट गोड स्राव सोडतात, म्हणजे ज्या झाडाखाली आपण सावलीला गाडी लावतो तेच झाड तिला चिकटा लावतं. पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्ल उन्हात तापलेल्या क्लिअरकोटवर कायमचा डाग पाडतं. आणि बोअरचं जड पाणी उन्हात वाळलं की क्षारांची पांढरी वर्तुळं मागे ठेवतं. विजेच्या गाडीला एक सवलत मात्र मिळते. वेग कमी करताना मोटारच बरंचसं काम करते, ब्रेक कमी घासतात, त्यामुळे चाकांवरची काळी भुकटी कमी असते.

यावर बाजारात दोन उपाय मिळतात आणि विकणारे दोन्ही एकाच तोंडाने विकतात. पीपीएफ ही पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची, म्हणजे खालच्या सगळ्या रंगाहून जाड. खडीचा मार ती खरोखर झेलते आणि बारीक ओरखडे उन्हाच्या उबेत भरून निघतात. अख्ख्या गाडीला लावायची तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. सिरॅमिक कोटिंग हा त्या मानाने अगदी पातळ, काचेच्या जातीचा थर. त्यावरून पाणी आणि चिखल सहज निसटतो, धुणं सोपं होतं. पण उडालेल्या खडीपुढे त्याचं काही चालत नाही. ‘नाइन-एच कडकपणा’ म्हणून जो सांगतात तो पेन्सिलींचा मापदंड आहे. सर्वांत कडक पेन्सिलीने रेघ उमटत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि डंपरमधून पेन्सिली पडत नाहीत.

पण खरं सांगायचं तर खडी, चिकटा, कीस या सगळ्यांपेक्षा जास्त ओरखडे घरचाच माणूस काढतो, तेही मायेने. रोज सकाळी उठून, जुन्या बनियनचं कोरडं फडकं घेऊन, धुळीने माखलेल्या बॉनेटवर गोल गोल हात फिरवणं ही आपल्याकडे गाडीवरच्या प्रेमाची खूण मानली जाते. मुरमाची आणि खडीची भुकटी फडक्याखाली अडकली की तिचा पॉलिशपेपर होतो. वाऱ्यात फडफडणारं कव्हर धुळीच्या गाडीवर घातलं, तर तेच काम रात्रभर चालू राहतं. गाडी धुळीने माखलेली असेल तर माखू द्या. धूळ नुसती बसून काही करत नाही, घासली तरच करते.

मग धुवा, असं शहरातला माणूस म्हणेल. आमच्या तालुक्यात ‘धुवा’ हा शब्द जपून वापरावा लागतो. तानसाचं धरण 1892 मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातं. मुंबईच्या पुरवठ्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसा धरणाचा. एप्रिल-मेमध्ये याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे. नळी सोडून एक गाडी धुतली की दीडशे लिटर सहज जातात, म्हणजे जवळपास तीन माणसांचं दिवसाचं पाणी. टँकर उभा असलेल्या गल्लीत फेस उडवत गाडी धुण्याला मी तरी हौस म्हणणार नाही.

तेच काम एका बादलीत होतं. नंतर खळबळायची गरज नसलेला रिन्सलेस शॅम्पू आठ-दहा लिटर पाण्यात टोपणभर. चार-सहा मायक्रोफायबरचे रुमाल त्यात भिजवून, घडी करून, छपरापासून खाली सरळ रेषेत एकेक हात. रुमालाची बाजू मळली की घडी उलटायची, मळका रुमाल परत बादलीत घालायचा नाही. हे सकाळी, सावलीत, बॉनेट थंड असताना. चिखल वाळून घट्ट बसला असेल तर तो आधी भिजवून सैल करायचा, ओढायचा नाही. आणि आषाढ-श्रावणात तर मोफत सेवा आहेच. मुसळधार सरीत गाडी बाहेर उभी करा, चिखल आपोआप सुटतो. पहिले काही पाऊस छपरावरून वाहून गेले, की पागोळ्यांचं पाणी पिंपात धरा. त्यात बोअरसारखे क्षार नसतात, त्यामुळे पांढरे डागही पडत नाहीत.

आणखी एका जागेकडे कुणी वाकून बघत नाही: गाडीच्या पोटाकडे. बॅटरी तिथे आहे. गाडीभर लाखाची फिल्म लावून पाड्याच्या दगडी वाटेवर पोट घासत नेणाऱ्याने रंग वाचवला आणि गाडीतला सगळ्यात महागडा भाग पणाला लावला.

दाजींनी शेवटी फिल्म लावली ती समोरचा बंपर, बॉनेट आणि आरसे एवढ्यालाच. बाकी रंग उघडा. उरलेल्या पैशांत अंगणात, आंब्यापासून लांब, पत्र्याची शेड उभी केली आणि वायरमनला बोलावून नीट अर्थिंग करून घेतलं, कारण अर्थिंग धड नसेल तर चार्जर गाडीला वीजच देत नाही. ऊन, विष्ठा, चिकटा, दव आणि चार्जरवरचा पाऊस, सगळ्यांवर मिळून तो एकच उपाय निघाला, आणि तो विकायला कुठल्याच शोरूममध्ये कुणी बसलेलं नाही. आता शेडमध्ये कोंबड्या शिरतात आणि बॉनेटवर चढतात, अशी दाजींची नवी तक्रार आहे. त्यावर मी खुराड्याला कडी लावायचा सल्ला दिला आहे.